खंडनाने मंडन होत नाही

ख्रिस्ती समर्थनशास्त्र शिकू लागणाऱ्याच्या हाती बहुधा प्रश्नोत्तरांची पुस्तिका पडते. मूर्तिपूजा चूक कशी, पुनर्जन्म तर्काला का धरून नाही, नास्तिकाला निरुत्तर कसे करावे, सारे तयार. चार पाने पाठ झाली की गडी वादाला उभा! ही रीतच उफराटी आहे. परमत खोडले म्हणून स्वमत सिद्ध होत नाही, आणि याचा पुरावा सुरतेच्या इतिहासात आहे.

लंडन मिशनरी सोसायटीने 1815 मध्ये सुरतेत काम सुरू केले. गुजराती नवा करार इथल्याच मिशन छापखान्यात छापला गेला. मूर्तिपूजा आणि जातिभेद यांवर मिशनऱ्यांचा मोठा मारा असे. पुढे 22 जून 1844 रोजी याच शहरात समाजसुधारक दुर्गाराम मेहताजी आणि तेव्हा इथे शिक्षक असलेले मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनी मानवधर्मसभा काढली. सभेने मांत्रिकांना उघड आव्हान दिले. दादोबांच्या ‘धर्मविवेचना’त ईश्वर एक आणि मनुष्यमात्राची जात एक असे प्रतिपादन आहे, म्हणजे मिशनऱ्यांची अर्धी टीका त्यांना मान्यच होती. तरी ते ख्रिस्ती झाले नाहीत. धर्माविषयी विचार करण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे हेही त्यांचे तत्त्व होते. मूर्ती आणि जात ज्याने आधीच सोडली, त्याच्यापुढे त्यांचे खंडन करून काय साधणार? तिथे प्रश्न उरतो तो एकच: ईश्वर एक हे मान्य, पण येशूलाच का मानावे? उलट, दादोबांच्या प्रेरणेने मुंबईत उभ्या राहिलेल्या, मूर्तिपूजा व जातिभेद नाकारणाऱ्या परमहंस सभेतल्या बाबा पदमनजींनी 1854 मध्ये बेळगावात बाप्तिस्मा घेतला आणि ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आपला प्रवास सांगितला. दोघांनी सोडले ते जवळजवळ सारखेच. स्वीकारले ते मात्र वेगळे. समर्थनशास्त्राचे खरे काम या दोघांमधल्या अंतरात आहे.

म्हणून नवशिक्याने सुरुवात स्वतःच्या पुराव्यापासून करावी. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय उघडावा. येशूच्या मृत्यूनंतर सुमारे पंचवीस वर्षांच्या आत लिहिलेल्या या पत्रात पौल पुनरुत्थानाच्या साक्षीदारांची यादी देतो: केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब आणि शेवटी तो स्वतः. शेजारी मार्कचा सोळावा अध्याय ठेवावा. तिथे रिकाम्या कबरेशी स्त्रिया आहेत. पौलाच्या यादीत त्या नाहीत. शिवाय मार्कच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांचा शेवट आठव्या ओवीवरच होतो. स्त्रिया भिऊन पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत. पौलाची साक्ष घटनेच्या इतकी जवळची असणे ही समर्थकाची जमेची बाजू. दोन वृत्तांतांचा मेळ न बसणे ही प्रतिपक्षाची. दोन्ही बाजू मांडल्याशिवाय निकाल देणे म्हणजे एकतर्फी हुकूमनामा.

यावर कोणी म्हणेल, कोवळ्या श्रद्धेला विरोधकाचे म्हणणे ऐकवले तर ती डळमळेल. पण तयार उत्तरांनी श्रद्धा राखली जाते हा भ्रम आहे. काशीचे मराठी पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांनी जॉन म्यूरच्या ‘मतपरीक्षा’ या ख्रिस्ती मताचे समर्थन करणाऱ्या ग्रंथाविरुद्ध ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ रचला, आणि 1848 मध्ये ते स्वतःच ख्रिस्ती झाले. इतके पांडित्यपूर्ण खंडनही लिहिणाऱ्याला बांधून ठेवू शकले नाही. मग छापील पुस्तिकेची काय कथा? ख्रिस्ती परंपरेचा आदर्शही वेगळाच आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेनने केल्सस या टीकाकाराला उत्तर देताना त्याची इतकी अवतरणे दिली की केल्ससचा मूळ ग्रंथ नष्ट होऊनही त्याचे म्हणणे आज कळते. पूर्वपक्ष मांडावा तर असा!

दुसरा आक्षेप असा की वादाने कोणाचे मन पालटत नाही. बहुतेक वेळा हे खरे आहे. पण समर्थनाचा हेतू मन पालटणे हा नाहीच. आपण मानतो ते का मानतो, याचा जबाब देणे हा आहे. पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय तो जबाब मागतो आणि तो सौम्यतेने व आदराने द्यावा असेही बजावतो. प्रतिपक्षाला हास्यास्पद करून सोडणारी पुस्तिका या कसोटीला उतरत नाही.

तेव्हा नव्या अभ्यासकाने ‘अरुणोदय’ आणि ‘धर्मविवेचन’ शेजारी ठेवून वाचावीत. दादोबांचे म्हणणे त्यांना स्वतःला पटेल अशा शब्दांत जोवर मांडता येत नाही, तोवर त्याला उत्तर देण्याचा अधिकार आपल्याला नाही.