बर्लिनमधलं तळं आणि आपला एफआयआर



संस्थेच्या कामासाठी चार दिवस बर्लिनला जाऊन आले. दिवसभर बैठका, संध्याकाळी थोडी मोकळीक. परत आल्यावर वस्तीतली पोरं विचारतात, ताई काय पाहिलं? फोटो सगळ्यांना दाखवले. पण एका तळ्याबद्दल बोलायचं राहून गेलं, ते इथे लिहिते.

जर्मन संसदेच्या अगदी शेजारी, झाडीत, काळ्या पाण्याचं एक गोल तळं आहे. मधोमध त्रिकोणी दगड. नाझींनी छावणीतल्या कैद्यांच्या कपड्यांवर त्रिकोणी खूण शिवली होती, तिची ही आठवण. त्या दगडावर रोज ताजं फूल ठेवतात. नाझींनी मारलेल्या सिंती आणि रोमा लोकांचं हे स्मारक. रोमांचे पूर्वज काही शतकांपूर्वी उत्तर भारतातून तिकडे गेले. युरोपने त्यांना भटके, चोर, जन्मजात गुन्हेगार ठरवलं. आपल्याकडे १८७१ पासूनच्या कायद्यांनी पारधी, कैकाडी यांच्यावर हाच शिक्का मारला होता, हे वेगळं सांगायला नको.

तिथून चालत काही मिनिटांवर ज्यूंचं मोठं स्मारक आहे, २,७११ काँक्रीटच्या ठोकळ्यांचं. ते २००५ ला खुलं झालं. रोमांचं तळं व्हायला २०१२ उजाडलं. युद्ध संपलं १९४५ ला. मधली ६७ वर्षं कुठे गेली?

याचं उत्तर शोधताना मला खैरलांजी आठवली.

१९५६ साली पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी-फौजदारी न्यायालयाने रोमांच्या भरपाईच्या प्रकरणात निकाल दिला, की १९४३ पूर्वी त्यांच्यावर झालेली कारवाई वंशामुळे नव्हती. ते लोक गुन्हेगारी वृत्तीचे, म्हणून तो पोलिसी बंदोबस्त होता. म्हणजे मारणाऱ्याने जे कारण सांगितलं, तेच न्यायाधीशांनी लिहून घेतलं. निकालात वंश नाही, त्यामुळे त्या काळाची भरपाईही नाही. पोलिसांकडे रोमांच्या जुन्या नोंदी होत्या, त्या युद्धानंतरही वापरात राहिल्या.

आता आपलं बघा. २९ सप्टेंबर २००६. सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर भोतमांगे. गावाने मिळून एका बौद्ध कुटुंबातली चार माणसं संपवली. खटला चालला, शिक्षा झाल्या, पण ॲट्रॉसिटी कायदा लागला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने सहा जणांची फाशी रद्द करून २५ वर्षांची कैद केली आणि हा सूडाचा प्रकार मानला, जातीचा नाही. भैयालाल भोतमांगे २०१७ मध्ये गेले. त्यांच्या घरादाराला कशामुळे मारलं, हे निकालाच्या कागदावर त्यांना शेवटपर्यंत मिळालं नाही.

युरोप बघून आलेले काहीजण म्हणतात, तिकडे समाजाला पश्चात्ताप होतो, आपल्याकडे होत नाही. हे अर्धवट आहे. पश्चात्ताप आपोआप झालेला नाही. १९८० च्या ईस्टरला काही सिंती माणसं, त्यातले काही छावणीतून वाचलेले, दाखाऊच्या छावणीच्या जागी उपोषणाला बसली. पोलिसांकडच्या नोंदींचा हिशोब द्या, ही त्यांची एक मागणी होती. त्यानंतर १९८२ मध्ये चान्सलर हेल्मुट श्मिट यांनी वंशाच्या कारणावरून नरसंहार झाला हे मान्य केलं. १९५६ च्या निकालाबद्दल त्या न्यायालयाच्या अध्यक्षांनी लाज व्यक्त केली, तीही जवळपास साठ वर्षांनी. तळं, फूल, पर्यटकांचे फोटो हे सगळं त्या उपोषणानंतरचं. आधी उपाशी बसलेली माणसं. (आणि रोमांना आजही तिकडे भाड्याने घर मिळायला त्रास होतोच. स्मारक झालं म्हणजे भेदभाव संपला, असा समज करून घेऊ नका.)

म्हणून माझं म्हणणं असं, की लढाई पुतळ्याच्या आधी कारणाच्या नोंदीची आहे. आपण मोर्चा काढतो, आरोपींना अटक झाली की घरी येतो. एफआयआरमध्ये काय लिहिलंय हे वाचतो का? गेल्या वर्षी मारहाणीच्या एका प्रकरणात मी एका ताईंसोबत पोलीस ठाण्यात होते. अधिकारी म्हणाले, "बांधाचा वाद आहे मॅडम, जात कशाला आणता?" बांधाचा वाद होताच. पण बांधावर ज्या शिव्या दिल्या त्या जातीच्या होत्या. अधिकाऱ्यांनी वाद लिहून घेतला, शिव्या नाही.

कार्यकर्त्यांनी एक गोष्ट पाठ करावी. कलम ३(२)(व्ही) मध्ये पूर्वी गुन्हा जातीच्या कारणावरून केला हे सिद्ध करावं लागायचं. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. आता पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे हे आरोपीला माहीत होतं, एवढं पुरतं. त्याच दुरुस्तीने आलेल्या ३(२)(व्हीए) मध्येही हीच भाषा आहे. शिवाय कलम ८ सांगतं, की आरोपी पीडिताला किंवा त्याच्या घरच्यांना ओळखत असेल, तर जात माहीत होती असंच न्यायालयाने गृहीत धरायचं. उलट सिद्ध करायचं तर ते आरोपीने. गावात कोण कोणाला ओळखत नाही? तरीही जबाबात ही ओळख लिहिली जात नाही, कारण लिहा म्हणून आपण बसत नाही.

त्या ताईंचा पुरवणी जबाब आम्ही दिला आहे. ज्यांनी मारलं त्यांच्याच शेतात ताईंच्या घरातल्या तीन पिढ्या राबल्या, कोणाच्या लग्नात कोणी कुठे बसून जेवलं, हे सगळं दोन पानांत आलंय. कलम अजून लागलेलं नाही. येत्या सोमवारी पुन्हा ठाण्यात जायचं आहे.