आषाढाचं चित्र कुणी काढायचं?

पीटर ब्रूगेल या फ्लेमिश चित्रकाराचं ‘बर्फातले शिकारी’ हे १५६५ चं चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. छापील प्रत मिळाली तरी निवांत बघावी. तिघे शिकारी उतारावरून गावाकडे परतताहेत. कुत्र्यांच्या माना खाली आहेत आणि दिवसभराच्या वणवणीची कमाई म्हणजे भाल्याला लटकलेला एक कोल्हा. डावीकडे खानावळीसमोर जाळ पेटलाय, वरची पाटी एका बाजूने निसटून लोंबतेय. खाली गोठलेल्या तळ्यावर पोरं खेळताहेत आणि पुलावरून एक बाई सरपणाचा भारा घेऊन निघालीय. थंडी मला सगळ्यात जास्त जाणवते ती त्या भाऱ्यात.

हे चित्र ऋतूंच्या मालिकेतलं. बहुतेक अभ्यासकांच्या मते ती सहा चित्रांची होती, दोन-दोन महिन्यांना एक. म्हणजे हिशेब थेट आपल्या षड्ऋतूंचा! त्यांतली पाच उरली आहेत. एकात गवताची कापणी आहे, एकात गव्हाची, एकात गुरं घरी परतताहेत.

गगनबावड्यात आषाढात उभं राहिलं की हे चित्र हटकून आठवतं. कोकणातून आलेला ढग करूळ घाटाच्या कड्याला अडतो आणि इथेच रिता होतो. वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस. ५५ किलोमीटरवरच्या कोल्हापूर शहरात त्याच्या पावपटही नाही. चिखलणी झालेल्या खाचरात बायका ओळीने वाकलेल्या असतात. डाव्या हातात तरव्याची मूठ, उजवा हात चिखलात. पाठीवर कुठे बांबूच्या कामट्यांचं जुनं इरलं, बाकी बहुतेकींच्या अंगावर निळं-पिवळं प्लास्टिक. धुकं खाली उतरलं की ओळीतली शेवटची बाई दिसेनाशी होते, नुसता तिचा आवाज येतो.

कोल्हापूर ही चित्रकारांची नगरी. आबालाल रहिमानांनी रंकाळा, कोटितीर्थ यांच्या पाण्यावरचा उजेड असा टिपला की आजही नजर खिळून राहते. चंद्रकांत मांडरे यांची निसर्गचित्रं राजारामपुरीतल्या संग्रहालयात आहेत. इतकी मोठी परंपरा असताना कोल्हापूरचं निसर्गचित्र म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो घाट, मंदिर आणि कोवळं ऊन. पाऊस आलाच तर तो पडून गेलेला असतो, रस्ता तेवढा चकाकतो. रोपलावणीतली कंबर, चुलीवर वाळत घातलेलं घोंगडं, ओल्या सरपणाचा धूर हे चित्रात का येऊ नये? आमचा मुख्य ऋतू हाच आहे.

पावसात जलरंग वाळत नाहीत, कागद पोपडतो, ही अडचण खरी. पण ब्रूगेलचा मुलूख तर सपाट होता. त्या चित्रातली टोकदार शिखरं दहा-बारा वर्षांपूर्वीच्या आल्प्सच्या प्रवासातून आलेली. तेव्हा त्याने रेखाटनं केली होती, डोळा भरून घेतला होता. कोल्हापूरच्या कलाशाळांनी निसर्गचित्रणाची एक तरी सहल हिवाळ्याऐवजी आषाढात गगनबावड्याला न्यावी. एसटी स्टँडच्या छपराखाली बसून कोळशाने काढावं, कुठल्या शेताचा हिरवा कसा होता ते शेजारी शब्दांत लिहावं, रंग घरी येऊन भरावेत. आणि बांधावर जाऊन त्या बायकांना आधी विचारावं, कारण पाठीवरचं इरलं कसं पेलतं हे त्याच सांगतील.