मधल्या दिवसांची तजवीज

ऑक्टोबर लागला की दवाखान्यांत गर्दी वाढते. पहाटे चादर ओढून घ्यावीशी वाटते आणि दुपारी पंख्याखाली बसूनही घाम थांबत नाही. पाऊस ओसरलेला, थंडी अजून आलेली नाही. कुणाचा घसा धरलेला, कुणाचं अंग मोडून आलेलं. ऋतू बदलताना शरीराची ओढाताण होते, हे आपण सगळेच अनुभवतो.

आयुर्वेदाचार्य वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त या दिवसांचा वेगळा विचार केला आहे. सरत्या ऋतूचे शेवटचे 7 दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले 7 दिवस, हा झाला ऋतुसंधी. या काळात आधीच्या ऋतूचं खाणंपिणं, वागणं हळूहळू सोडायचं आणि पुढच्याचं हळूहळू धरायचं. एकदम सोडलं किंवा एकदम धरलं तर त्यातूनच आजार उद्भवतात, असं तो बजावतो. अंगवळणी पडलेली वाईट सवयसुद्धा चौथ्या हिश्श्याने सोडावी, किंवा त्या चौथ्याच्याही चौथ्या हिश्श्याने, असा त्याचा सल्ला आहे. म्हणजे सोळावा हिस्सा! चांगल्या बदलालाही त्याने इतका सावकाश वेग दिला, याचं मला फार अप्रूप वाटतं. मधल्या दिवसांना त्याने त्यांची हक्काची जागा दिली, त्यांच्यासाठी वेगळा नियम सांगितला.

माणसाच्या आयुष्यातल्या बदलांना आपण हे मधले दिवस देत नाही. 31 तारखेला निवृत्तीचा निरोपसमारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळतं आणि 1 तारखेला सकाळी साडेनऊला डबा भरायचा नसतो. लेकीचं सामान हॉस्टेलच्या खोलीत लावून आईवडील रात्रीच्या गाडीने परत फिरतात आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतात. समारंभाची तयारी जय्यत असते. त्याच्या पुढच्या पंधरवड्याची तजवीज मात्र कुणीच केलेली नसते.

सध्या आपल्या शहरांत असा बदल इमारतीच्या इमारती एकाच वेळी झेलत आहेत, तो पुनर्विकासाचा. मुंबईत वरळीच्या बीडीडी चाळींमधल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीतून 500 चौरस फुटांच्या घरात जाणं ही पिढ्यान्‌पिढ्या बाळगलेली आस होती आणि तिचा आनंद निखळ आहे. पण शंभर वर्षं जुन्या तीन मजली चाळीचा सामाईक पॅसेज आणि उंच टॉवरमधलं बंद दार यांत केवढं अंतर आहे! ते अंतर लिफ्टने कापता येत नाही. दार उघडं टाकून शेजारी हाक मारण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना नव्या घरात रुळायला वेळ लागणारच.

पुण्यात आमची सोसायटीही पुनर्विकासाला गेली. सहकारनगरातून आम्ही धायरीला भाड्याच्या घरात आलो. टेम्पो भरताना आईने सगळं सामान पॅकर्सच्या हवाली केलं, फक्त मिसळणाचा डबा कुणाच्या हाती दिला नाही. तो तिने मांडीवर घेतला. नव्या स्वयंपाकघरात ओटा उलट्या हाताला होता, खिडकी नको त्या बाजूला होती, नळाला पाण्याचा जोर नव्हता. आईने आधी तो डबा शेगडीच्या डावीकडे ठेवला. मोहरी, जिरं, हळद, तिखट, धणेपूड आणि मधल्या वाटीत हिंगाची डबी, सगळं जिथल्या तिथे. त्या दिवशी तिने पिठलं-भात केला. फोडणीला हात सवयीने जात होता, त्यामुळे बाकीच्या अनोळखी गोष्टींकडे बघायला तिला जरा उसंत मिळाली.

बाबांचा प्रश्न अवघड होता. तळजाईच्या टेकडीवर सकाळी फिरायला जाणं आणि खाली उतरल्यावर मित्रांबरोबर चहा घेणं हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. धायरीहून दोन बस बदलून ते रोज तिकडे जाऊ लागले. एवढी दगदग या वयात कशाला, असं नातेवाईक म्हणत. आई म्हणाली, “जाऊ दे त्यांना. सवय झाली की आपोआप कमी होईल.” तसंच झालं. रोजचं एक दिवसाआड झालं, मग फक्त रविवार उरला. मधल्या दिवसांत ते इथल्याच गल्लीत चालू लागले. दूधवाला ओळखीचा झाला, कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी क्रिकेटवर वाद रंगू लागले. वाग्भटाचं नावही न घेता बाबांनी त्याचा सल्ला पाळला होता.

बदलाच्या काळात स्थिर राहणं म्हणजे काहीच बदलू न देणं, असं मला वाटत नाही. घर बदलतं, काम बदलतं, शरीर बदलतं आणि बदलायलाही हवं. अशा वेळी एखाददुसरी लहानशी रीत तशीच चालू ठेवावी आणि बाकीचं थोडं थोडं बदलू द्यावं. ती रीत लहानच हवी, कारण मोठी गोष्ट नव्या जागी जशीच्या तशी नेता येत नाही. संध्याकाळी देवापाशी लावलेला दिवा, जेवणाची ठरलेली वेळ, रात्री बहिणीला केलेला फोन, एवढंसं पुरतं. आणि ती कुणाची कोणती असावी, हे ज्याचं त्याने ठरवावं. आपल्याला निरर्थक वाटलेला एखादा डबा किंवा फेरफटका घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा त्या दिवसांतला एकमेव आधार असू शकतो.

पुनर्विकासाच्या करारात भाडं, कॉर्पस फंड, वाढीव क्षेत्रफळ, पार्किंग सगळं कलमवार लिहिलेलं असतं आणि त्यासाठी बैठकांवर बैठका होतात. त्यातल्याच एका बैठकीत आणखी दोन गोष्टी ठरवाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे. शक्य तितक्या कुटुंबांनी एकाच भागात भाड्याची घरं बघावीत, निदान ज्येष्ठांनी तरी एकमेकांच्या चालण्याच्या अंतरावर राहावं. आणि महिन्यातून एक संध्याकाळ सगळ्यांनी भेटण्यासाठी राखून ठेवावी, ती तारीख घर सोडण्याआधीच पक्की करावी. याला बिल्डरची परवानगी लागत नाही, पैसेही लागत नाहीत. नव्या घराचा ताबा मिळायला तीन-चार वर्षं लागतात. तेवढा काळही आपल्या आयुष्यातलाच आहे. तो नीट जगायची तयारी सामान बांधण्याआधीच व्हायला हवी.