शिवी पंचाने गिळू नये

सामना संपला की पंचाचा अधिकार संपला, असं आमच्या चिमूरची पोरं समजतात. फुटबॉलचा नियम तसा नाही. शेवटच्या शिट्टीनंतरही पंच मैदानाबाहेर पडेपर्यंत शिवी देणाऱ्याला लाल कार्ड दाखवू शकतो. त्यानंतर कार्ड नाही, पण अहवालात लिहायचं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पंचांना लाथ मारल्याबद्दल शिवराज राक्षेवर आणि शिवीगाळीबद्दल महेंद्र गायकवाडवर ३ वर्षांची बंदी आली.

पंचाचा निर्णय चुकूही शकतो. त्यासाठी रीतसर दाद मागावी. पंचाने मात्र उलट शिवी देऊ नये, आणि मोठ्या मनाने ती गिळूही नये. शब्द जसेच्या तसे लिहावेत. आज सोडून दिलेली शिवी उद्या दुसऱ्या पंचाला खावी लागते.