बंद खोलीतील हवा

बारामती-इंदापूर परिसरात गळीत हंगाम सुरू झाला की घरांच्या खिडक्या लागू लागतात. तोड झालेल्या फडातील पाचट पेटवले जाते आणि त्याची काजळी पार माजघरापर्यंत येते. परंतु खिडकी लावली म्हणजे घर सुरक्षित झाले, हा समज आता तपासून पाहिला पाहिजे. 2020 च्या टाळेबंदीने अनेक मध्यमवर्गीय घरांत कार्यालय आणून बसवले. गावोगावी घराच्या दर्शनी खोलीतील झेरॉक्स, छपाई आणि लॅमिनेशनचा व्यवसाय तर त्याहून जुना. ज्या खोलीत यंत्र, त्याच खोलीत मुलांचा अभ्यास आणि आजी-आजोबांची विश्रांती!

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठाच्या लिडिया मोराव्स्का आणि सहकाऱ्यांनी 62 लेझर प्रिंटरांचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी 17 यंत्रे अतिसूक्ष्म कण मोठ्या प्रमाणात सोडणारी आढळली. असे कण फुफ्फुसांत खोलवर उतरतात. जुन्या पद्धतीच्या झेरॉक्स यंत्रातून ओझोन निर्माण होतो. म्हणून यंत्रे फेकून देण्याचे कारण नाही. ती झोपण्याच्या खोलीबाहेर आणि खेळत्या हवेत असावीत, एवढेच.

1948 च्या कारखाने अधिनियमाने कामगारांसाठी खेळत्या हवेची जबाबदारी मालकावर टाकली. घरात निरीक्षक येत नाही. तेथे ही जबाबदारी कुटुंबानेच उचलायची आहे. आपले जुने वाडे हवेशीर होते, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्याच वाड्यांत चुलीच्या धुराने आयाबहिणींचे डोळे आणि छाती पोळत राहिली आणि समाजाने ते ‘चालायचेच’ म्हणून सोडून दिले, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. त्या उपेक्षेची पुनरावृत्ती नको.

मात्र खिडकी उघडायची, तर बाहेरची हवाही स्वच्छ हवी. येथेच घरचा प्रश्न गावाचा होतो. पाचट जाळणे अपरिहार्य नाही. ते सरीत कुजवले तर जमिनीचा ओलावा टिकतो आणि सेंद्रिय कर्ब वाढतो. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने पाचटापासून कोळसा करण्याचे तंत्र विकसित केले आणि 2002 साली त्यासाठी ॲश्डेन पुरस्कार मिळवला. म्हणजे मार्ग आपल्याच मातीतील माणसांनी दाखवला आहे.

उंबरठ्याच्या आतील शिस्त कुटुंबाची, बाहेरील शिस्त शेजारधर्माची. येत्या हंगामापूर्वी कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीत हे दोन्ही विषय घरोघरी मांडावेत आणि आरंभ स्वतःच्या घरापासून, स्वतःच्या फडापासून करावा. मातृभूमीची सेवा श्वासाइतक्या साध्या गोष्टीपासूनही सुरू होते.