नाव मोठं, लोन मोठं
अमेरिकेत डॉक्टर व्हायचं तर आधी चार वर्षं डिग्री, मग चार वर्षं मेडिकल. माझी न्यू जर्सीतली मामेबहीण सध्या अडकलीय: महागडं नामांकित कॉलेज की राज्यातल्या मुलांना कमी फी घेणारं रटगर्स? माझं मत रटगर्सला, बॉस! मेडिकलवाले आधी बघतात जीपीए आणि ५२८ पैकी एमकॅटचा स्कोअर. ती परीक्षा सगळ्यांना एकच. नावाचा थोडा फायदा होतो, नाही असं नाही. पण जीपीए घसरला तर नाव काय कामाचं? शिवाय २०२५ च्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासून नव्या मेडिकल विद्यार्थ्यांच्या सरकारी कर्जाला दोन लाख डॉलर्सची मर्यादा. म्हणजे खरा खड्डा पुढेच आहे. पैसे त्यासाठी राखलेले बरे.