खासगी म्हणजे लपवलेले नव्हे

'माझ्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय?' हे वाक्य सुशिक्षित मराठी माणसाच्या तोंडी आता इतके रुळले आहे, की त्यामागचे गृहीतक तपासून पाहावे असे कोणाला वाटतही नाही. मोबाइलमधले एखादे ॲप संपर्कयादी मागते, छायाचित्रे मागते, आपण कुठे आहोत हे सतत पाहण्याची मुभा मागते. आपण ते वाक्य मनाशी म्हणतो आणि 'मान्य आहे' या चौकोनावर बोट टेकवतो. या वाक्यात 'गुप्त' आणि 'खासगी' या दोन शब्दांची गल्लत झालेली आहे. ती केवळ शब्दांपुरती राहिली असती, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

'खासगी' या शब्दाला मराठीत राज्यव्यवहाराची जुनी पार्श्वभूमी आहे. होळकरांच्या राज्यात दौलतीचे खाते वेगळे आणि खासगीचे खाते वेगळे असे. अहिल्याबाईंनी ठिकठिकाणी घाट आणि देवळे बांधली, त्यांमागे ही खासगी होती. घाट आणि देऊळ यांच्याइतकी उघड्यावरची वस्तू दुसरी कोणती असणार? म्हणजे खासगी ते झाकलेलेच असले पाहिजे, असे कोणी मानत नव्हते. त्यावर शब्द कोणाचा चालेल, एवढेच तो शब्द सांगत होता. 'लपवण्यासारखे काय आहे' हा प्रश्न म्हणूनच गैरलागू ठरतो. माझ्याविषयीची कोणती गोष्ट कोणाला, कोणत्या निमित्ताने कळावी, हे कोणी ठरवायचे, हा खरा प्रश्न आहे.

हा विवेक आपल्याला परका नाही. टपालाच्या काळात साधी माणसेही तो रोज करीत. खुशाली कळवायची तर पोस्टकार्ड पुरे. ते पोस्टमनने वाचले, शेजाऱ्याने वाचले तरी कोणाचे काही बिघडत नसे. सासरी गेलेली मुलगी आईला मनातले लिही, ते मात्र आंतर्देशीय पत्रात. त्यात काही पाप होते म्हणून नव्हे, तर ते आईसाठी होते म्हणून. कार्ड की बंद पत्र, ही निवड लिहिणाऱ्याच्या हाती होती.

त्याच टपालात आणखी एक रीत होती. मृत्यूची बातमी कळवणाऱ्या पत्राचा कोपरा फाडलेला असे. पत्र हाती पडताच, एक अक्षरही वाचण्याआधी, घरात आकांत सुरू होई. आजच्या तंत्रज्ञानाचे मर्म समजून घ्यायला हा फाटका कोपरा फार उपयोगी आहे. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये सर्व वापरकर्त्यांच्या संदेशांना कूटबद्ध संरक्षण दिले. पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज मजकूर कोणाला वाचता येत नाही, हे खरेच आहे. परंतु कोणी, कोणाशी, कधी, किती वेळा संपर्क साधला ही मजकुराबाहेरची माहिती त्या संरक्षणात येत नाही. मध्यरात्री रुग्णालयाला एक फोन, पाठोपाठ चार नातेवाइकांना चार फोन, आणि पहाटे गावाकडे निघालेल्या मोबाइलचा बदलता ठावठिकाणा, एवढे पाहिल्यावर मजकूर वाचायचे काय उरते? फरक इतकाच, की पूर्वी पत्राचा कोपरा लिहिणारा स्वतः फाडी; आता तो आपल्या नकळत फाडला जातो.

'फुकट सेवा हवी तर किंमत मोजायला हवी,' असा युक्तिवाद यावर केला जातो, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. मात्र व्यवहारात किंमत आधी सांगितलेली असते आणि ती आपण आपल्या खिशातून देतो. संपर्कयादी देताना यातले काहीच घडत नाही. त्या यादीतील शेजारणीचा, विद्यार्थ्याचा, डॉक्टरांचा क्रमांक मी कोणाच्या वतीने देतो? त्यांना तर कोणी विचारलेलेही नसते. 'हलवायाच्या घरावर तुळशीपत्र' म्हणतात ते हेच.

या बाबतीत न्यायसंस्थेचे विचारही बदलत गेले. १९५४ आणि १९६२ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाला मूलभूत हक्काचे स्थान नाकारले होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ती भूमिका एकमताने दूर सारली. पुढे २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले आणि संमतीविषयीच्या मुख्य तरतुदींना तेथून अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. या कायद्यात दिलेले एक उदाहरण मोठे बोलके आहे. डॉक्टरी सल्ला देणाऱ्या ॲपने संपर्कयादी मागितली आणि व्यक्तीने ती देण्यास होकार दिला, तरी तो होकार सल्ल्यासाठी आवश्यक तेवढ्या माहितीपुरताच धरला जाईल. कारण संपर्कयादीची त्या कामाला गरज नाही.

कायदा निर्दोष आहे असे नाही. त्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्यातील वैयक्तिक माहितीच्या कलमातली व्यापक जनहिताची कसोटी काढून टाकली. येथे तीच गल्लत उलट्या बाजूने झाली आहे. अधिकाऱ्याने पदावर राहून केलेले काम ही त्याची खासगी नव्हे. दौलतीचा हिशेब खासगीच्या कपाटात ठेवू देणे म्हणजे नागरिकाचा हक्क सत्तेच्या हाती ढाल म्हणून देणे होय.

याच कायद्यातील एका तरतुदीचा मात्र आम्हा मराठी शिकवणाऱ्यांशी थेट संबंध आहे. माहिती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला द्यावा लागणार आहे. म्हणजे मराठीतही. पण ही मराठी कोणती असेल? 'आपली वैयक्तिक विदा विनिर्दिष्ट प्रयोजनार्थ संस्कारित करण्यास याद्वारे अनुमती देण्यात येत आहे,' अशी असेल, तर माणूस पूर्वी इंग्रजी न वाचता होकार देत होता, तो आता मराठी न वाचता देईल. 'तुमचा फोन क्रमांक आम्ही तीन महिने ठेवू, सामान पोहोचवणाऱ्याला देऊ, आणखी कोणाला देणार नाही. नको असेल तर येथे सांगा,' असेही लिहिता येते. या वाक्यात एकही शब्द असा नाही, की ज्यासाठी कोश उघडावा लागेल.

महाविद्यालयांत व्यावहारिक मराठीच्या तासाला आम्ही अर्ज, इतिवृत्त, जाहिरात हे लेखनप्रकार वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. त्यांत संमतीची सूचना हा प्रकार आणावा, असे मी सुचवतो. पाच पानी नियमावलीचे पाच ओळींत सोपे मराठी करायला विद्यार्थ्यांना सांगावे. जे पाच ओळींत सांगता येत नाही, ते का येत नाही, हे त्यांना आपोआप उमगेल. कित्येकदा ते सांगायचेच नसते म्हणून सांगता येत नाही. होकार द्यायचा असेल तर नकार म्हणजे काय, हे आधी आपल्या भाषेत कळले पाहिजे. ते कळवण्याचे काम कंपन्या आपण होऊन करतील, ही अपेक्षा भाबडी आहे. ते भाषेच्या माणसांनीच अंगावर घेतले पाहिजे.